२४९ ग्रॅमचा ड्रोन आणि पाच देशांचे काटे

कोथरूडमधलं एक कुटुंब २०२६ च्या मे महिन्यात सहलीला निघतंय. सहा दिवस लंडनजवळ मेहुण्यांकडे, तीन दिवस पॅरिस, चार दिवस इंटरलाकेन. सामानात एक घडीचा कॅमेरा-ड्रोन आहे: २०२१ साली पुण्यातल्याच दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला, अंगावर '२४९ ग्रॅम' छापलेला, सोबत तीन बॅटऱ्या. उडवणार बाबा आणि बारा वर्षांचा मुलगा. प्रश्न साधा आहे: कुठे काय काढावं लागतं?

ओळखीपाळखीत विचारल्यावर पाच उत्तरं येतात. न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो, "अडीचशेच्या आत आहे ना? मग रजिस्ट्रेशन नाही, काही नाही. उडव बिनधास्त." लंडनचे मेहुणे म्हणतात, "दाजी, फक्त ऑपरेटर आयडी काढा. परीक्षा अडीचशेच्या वरच्यांना." झुरिकमध्ये स्थायिक झालेली मैत्रीण सांगते की युरोपात एकच कायदा आहे, एका देशात नोंदणी केली की झालं. टोकियोतला मित्र उलट घाबरवतो: शंभर ग्रॅमच्या वरचा प्रत्येक ड्रोन सरकारदरबारी नोंदवावाच लागतो. आणि पुण्यातला उडवणारा दोस्त छातीठोकपणे सांगतो, "नॅनो आहे रे, सगळ्यात हलका वर्ग. नॅनोला काहीच लागत नाही."

हे कुटुंब कुणी एक घर नव्हे. हौशी लोक नेहमी ज्या घोळात सापडतात तो इथे एका सहलीत बसवला आहे. नियम मात्र खरे, २०२६ च्या सुरुवातीला लागू असलेले.

पाचांपैकी कुणीही थापा मारत नाही. जपानचं उत्तर त्या देशापुरतं बरोबर आहे, अमेरिकेचं नोंदणीपुरतं. लंडनचं डिसेंबर २०२५ पर्यंत बरोबर होतं. झुरिकचं अर्धं बरोबर आहे, पुण्याचं पाऊण. घोळ होतो तो '२५०' या आकड्यामुळे. आकडा सगळीकडे ऐकू येतो, म्हणून लोकांना वाटतं नियमही सगळीकडे तोच. पण एका देशात २५० हे 'नोंदणी हवी का?' याचं उत्तर असतं, दुसऱ्यात 'परीक्षा हवी का?' याचं, तिसऱ्यात 'माणसांच्या डोक्यावरून नेता येईल का?' याचं.

आकडा आला कुठून, ते आधी पाहू. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियंत्रक संस्थेने नेमलेल्या कार्यगटाने गणित मांडलं. आकाशातून पडणारी वस्तू माणसाच्या डोक्यावर आदळली तर साधारण ८० ज्यूल ऊर्जेपासून जिवाचा धोका गंभीर होतो, असं त्यांनी धरलं. छोटा ड्रोन बंद पडून कोसळताना सेकंदाला २५ मीटरच्या आसपास वेग गाठतो. अर्धं गुणिले ०.२५ किलो गुणिले २५ चा वर्ग, म्हणजे ७८ ज्यूल. ऐंशीच्या जरा आत. म्हणून २५० ग्रॅम. २१ डिसेंबर २०१५ पासून अमेरिकेत नोंदणी सुरू झाली तीही याच मर्यादेवर. पुढे कंपन्यांनी ही रेघ डोळ्यांसमोर ठेवून यंत्रं बनवली, आणि 'अडीचशेच्या आत' हे विक्रीचं वाक्य झालं. जपानची तेव्हाची रेघ २०० ग्रॅमची होती. म्हणून डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने २०१९ मध्ये मॅव्हिक मिनी आणला तेव्हा जपानसाठी वेगळा १९९ ग्रॅमचा काढला. फरक मुख्यतः बॅटरीत: बाकीच्या जगाला २४०० मिलीअँपिअर-तासांची, जपानला ११०० ची, त्यामुळे उडण्याचा वेळ ३० मिनिटांवरून १८ वर. तीन वर्षांत जपानने रेघ १०० वर आणली आणि तो सगळा खटाटोप वाया गेला.

कामाला सुरुवात तराजूपासून करायची. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे पुरत नाही, कारण खेळ अर्ध्या ग्रॅमचा आहे. सोनार वापरतात तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. आपल्या ड्रोनवर बॅटरी, चारही पंखे आणि मेमरी कार्ड लावून काटा २४८.७ दाखवतो असं धरू. त्यावर उन्हासाठीचा एनडी फिल्टर चढवला की २४९.३. नोंदणी क्रमांकाच्या दोन पट्ट्या चिकटवल्या की २४९.६. भारतात, ब्रिटनमध्ये, युरोपात हा अजून आत आहे. अमेरिकेच्या कायद्यात मात्र मर्यादा पौंडात लिहिली आहे, ०.५५ पौंड किंवा त्याहून कमी, आणि ०.५५ पौंड म्हणजे २४९.४८ ग्रॅम. मावसभावाकडे गेल्यावर हाच ड्रोन फिल्टरसकट नोंदणीच्या कक्षेत जातो. फिल्टर काढला की पुन्हा बाहेर.

'वजन' या शब्दाचा अर्थही एक नाही. अमेरिकेत उड्डाणाच्या क्षणी अंगावर जे जे आहे ते सगळं धरतात. भारतात पेलोडसकट, म्हणजे वर लादलेल्या सामानासकट, एकूण वजन. जपानमध्ये यंत्र अधिक बॅटरी एवढंच. काढता येण्याजोगे पंख्यांचे गार्ड मोजत नाहीत. गार्ड लावलेला ड्रोन टोकियोत एका वजनाचा आणि न्यू जर्सीत दुसऱ्या वजनाचा, असा प्रकार त्यामुळे होतो.

आता देश एकेक घेऊ. लंडनला सर्वात जास्त वेळ द्यायला हवा, कारण तिथला नियम नुकताच बदललाय आणि जुनी माहिती अजून जोरात फिरते आहे.

३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ब्रिटनमध्ये कॅमेरा असलेल्या २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला फक्त ऑपरेटर आयडी लागे, उडवणाऱ्याला परीक्षा नव्हती. १ जानेवारी २०२६ पासून रेघ १०० ग्रॅमवर आली. आता १०० ग्रॅम किंवा त्याहून जड काहीही उडवायचं तर फ्लायर आयडी हवा, आणि त्या वजनाच्या ड्रोनला कॅमेरा असेल तर ऑपरेटर आयडीही हवा. आयडी दोन, कामं दोन. फ्लायर आयडी उडवणाऱ्याचा: ऑनलाइन परीक्षा, ४० बहुपर्यायी प्रश्न, ३० बरोबर आले की पास, फी नाही, मुदत पाच वर्षं. ऑपरेटर आयडी यंत्राची जबाबदारी घेणाऱ्याचा: वय १८ पूर्ण, दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण. बाबांना दोन्ही लागतात. मुलाला उडवायचं असेल तर त्याचा स्वतःचा फ्लायर आयडी. तेरा वर्षांखालच्या मुलाची नोंदणी करताना पालक सोबत लागतो. ऑपरेटर आयडी मुलाच्या नावावर निघत नाही, बाबांचाच चालतो. पाहुणा आहे म्हणून सूट नाही, आणि भारतातली किंवा युरोपातली नोंदणी तिथे चालत नाही. हे सगळं कोथरूडमध्ये बसून करता येतं.

यंत्रावर लावायचा तो ऑपरेटर आयडी, फ्लायर आयडी नव्हे. ही अदलाबदल फार होते. अक्षरं मोठ्या लिपीतली, ३ मिलीमीटरपेक्षा उंच, ड्रोनच्या मुख्य अंगावर. बाहेर जागा नसेल तर हत्याराशिवाय उघडता येणाऱ्या कप्प्यात. बॅटरीवर लावलं आणि दुसरी बॅटरी घातली तर यंत्रावर क्रमांकच उरत नाही, म्हणून बॅटरीच्या खणाच्या भिंतीवर लावावं, बॅटरीवर नाही.

कागद झाले म्हणजे उडवायची जागा मिळाली असं नाही. विमानतळाभोवतीचं प्रतिबंधित क्षेत्र वजन पाहत नाही; तिथे ९० ग्रॅमचं खेळणंही बेकायदा. या क्षेत्राचा आकार नुसता थाळीसारखा गोल नसतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे साधारण पाच किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशा पट्ट्या निघतात, आणि हीथ्रोच्या पूर्वेकडच्या पट्ट्या थेट वस्तीवर जातात. तेव्हा मेहुण्यांचं घर या क्षेत्रांच्या नकाशावर टिचकी मारून पाहावं. 'विमानतळ तसा लांब आहे' या अंदाजावर जाऊ नये. मध्य लंडनवर वेगळे निर्बंध आहेत. रॉयल पार्क्समध्ये, म्हणजे हाइड पार्क, रिचमंड पार्क वगैरेंत, ड्रोनला मनाई आहे. नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवरून परवानगीशिवाय उड्डाण-उतरण नाही. इथे लोकांची गल्लत अशी होते की हवाई नियम आणि जमिनीचे नियम एकच समजले जातात. आकाश मोकळं असलं तरी ज्या गवतावर ड्रोन ठेवून उडवायचा त्या गवताचा मालक नाही म्हणू शकतो.

मग संध्याकाळचा एक मोह. मे महिन्यात लंडनला उशिरा अंधार पडतो, आणि दिवे लागल्यावरचं दृश्य टिपायची इच्छा होते. ब्रिटनमध्ये २०२६ पासून रात्री उडवताना ड्रोनवर लुकलुकणारा हिरवा दिवा हवा. युरोपात तो २०२२ पासूनच आहे. २०२१ च्या ड्रोनला असा दिवा नाही, म्हणून वरून चिकटवायचा. बाजारात मिळणारे बरेच दिवे दहा-बारा ग्रॅमचे. २४८.७ अधिक १०, झाले २५९ च्या आसपास. वर्गचिन्ह, म्हणजे कारखान्यातूनच येणारं वर्गाचं अधिकृत चिन्ह, नसलेला जुना ड्रोन अडीचशेच्या आत असतो तोवर ए-१ या सौम्य उपवर्गात बसतो आणि वस्तीत चालतो. अडीचशे ओलांडले की तो ए-३ मध्ये, म्हणजे राहत्या, व्यापारी, औद्योगिक वस्तीपासून १५० मीटर दूर. कायदा पाळायला लावलेल्या दिव्याने यंत्र वरच्या वर्गात ढकललं जातं. मार्ग सरळ आहे: हा ड्रोन रात्री उडवायचा नाही.

इंग्लिश चॅनल ओलांडली की दुसरी व्यवस्था सुरू होते. युरोपीय संघाचा २०१९/९४७ हा नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू आहे, आणि स्वित्झर्लंड संघाबाहेर असूनही १ जानेवारी २०२३ पासून त्यात सामील झालंय. इथे नोंदणीची कसोटी दुहेरी आहे: २५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन, किंवा माणसांची खासगी माहिती टिपू शकेल असा सेन्सर, म्हणजे व्यवहारात कॅमेरा. खेळणी म्हणून प्रमाणित असेल तरच सूट. आपला ड्रोन हलका आहे पण डोळस आहे, म्हणून नोंदणी लागते. परीक्षा लागत नाही, कारण ती अडीचशेच्या वरच्यांना. अडीचशेखाली माहितीपुस्तिका वाचली तरी पुरे. ब्रिटनमध्ये परीक्षा आणि नोंदणी दोन्ही, युरोपात फक्त नोंदणी, अमेरिकेत नोंदणी नाही पण ट्रस्ट नावाची छोटी चाचणी आणि तिचं प्रमाणपत्र खिशात. हे तिन्ही एकाच ड्रोनबद्दल.

संघाबाहेरच्या पाहुण्याने जिथे पहिल्यांदा उडवणार त्या देशात नोंदणी करायची. या सहलीत पॅरिस आधी येतं, म्हणून बरेच जण फ्रान्सच्या अल्फाटॅंगो या सरकारी पोर्टलवर जातात. पण पॅरिस शहरावर हौशी उड्डाणाला मनाई आहे. आयफेल टॉवरपाशी ड्रोन काढला तर पोलीस येतात. फ्रान्समध्ये एरवीही वस्तीतल्या सार्वजनिक जागेवरून हौशी ड्रोन नेण्यावर निर्बंध आहेत. तेव्हा या कुटुंबाने फ्रान्समध्ये उडवायचंच नाही असं ठरवलं तर पहिलं उड्डाण स्वित्झर्लंडमध्ये होतं, आणि नोंदणीही तिथलीच करावी. दोन्हीकडे करून ठेवू, असू दे जवळ, हा आपला स्वभाव; पण एका वेळी एकाच देशात नोंदणी ठेवता येते.

मिळणारा क्रमांक नीट पाहायचा. सुरुवातीला देशाची तीन अक्षरं, मग बारा अक्षर-अंक, एक पडताळणीचं अक्षर, असे एकूण सोळा. त्यानंतर आडवी रेघ आणि आणखी तीन अक्षरं. ही शेवटची तीन गुप्त असतात. ड्रोनवर लिहायची ती फक्त पहिली सोळा. रिमोट आयडी, म्हणजे उडताना स्वतःची ओळख रेडिओवरून प्रसारित करण्याची सोय, असलेल्या यंत्रात क्रमांक भरताना ती तीन लागतात, म्हणजे क्रमांक खरा आहे का हे यंत्राला पडताळता येतं. लोक पूर्ण क्रमांक छापून चिकटवतात, फोटो काढून चारचौघांत टाकतात, आणि मग त्या क्रमांकाने दुसरा कुणीही उडवू शकतो.

मुलाचं इथे काय? संघाची सर्वसाधारण किमान वयोमर्यादा १६, सदस्य देश ती खाली आणू शकतात. फ्रान्सने १४ केली. बारा वर्षांच्या मुलाला पात्र मोठ्या माणसाच्या थेट देखरेखीखाली उडवता येतं. देखरेख म्हणजे बाबा शेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर. बाबा कॉफी आणायला गेले तर ती देखरेख नव्हे.

एकच कायदा असूनही झुरिकच्या मैत्रिणीचं उत्तर अर्धंच बरोबर का, तर हा कायदा यंत्र, नोंदणी आणि परीक्षा यांपुरता एक आहे. कुठे उडवायचं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. विम्याचंही तसंच. जर्मनीत वजन काहीही असो, विमा सक्तीचा. स्वित्झर्लंडमध्ये २५० ग्रॅमपासून पुढे दहा लाख फ्रँकचा दायित्व विमा. स्विस सरकारच्या ड्रोन नकाशात इंटरलाकेनच्या आसपासचं प्रत्येक ठिकाण उघडून पाहावं: हेलिपॅडभोवतीचे घेर वेगळे, वन्यजीवांसाठी राखलेले भाग वेगळे, आणि राखीव भागांत अडीचशेच्या आतलाही चालत नाही.

इंटरलाकेनला खरी फसगत होते ती उंचीत. यात वाईट हेतू नसतो, फक्त पडद्यावरचा आकडा खोटा बोलतो. मर्यादा १२० मीटर, हे सगळ्यांना पाठ. पण १२० मीटर कशापासून? युरोपच्या नियमात ते जमिनीच्या सर्वात जवळच्या बिंदूपासून मोजतात. ड्रोनचं अ‍ॅप मात्र जिथून उडालो त्या जागेपासूनची उंची दाखवतं. सपाट मैदानात दोन्ही एकच. डोंगरउतारावर नाही.

समजा ४५ अंशांच्या उतारावरच्या वाटेवरून ड्रोन ३० मीटर वर चढवला आणि दरीच्या दिशेने सरळ बाहेर काढला. २०० मीटर पुढे गेल्यावर अ‍ॅप ३० मीटरच दाखवतं. पण खालची जमीन तोवर २०० मीटर खाली गेलेली असते. ड्रोनच्या थेट खाली जमीन २३० मीटरवर, आणि उताराचा सर्वात जवळचा बिंदू, तिरका मोजला तर, सुमारे १६३ मीटरवर. मर्यादा ओलांडली, आणि पायलटला पत्ता नाही. या उतारावर ३० मीटर उंची धरून फार तर १३९ मीटर बाहेर जाता येतं. पुढे जायचं तर ड्रोन उतारासोबत खाली आणत न्यायचा. त्या दऱ्यांत पॅराग्लायडर आणि बचावाची हेलिकॉप्टर नेमकी याच उंचीवरून जातात, म्हणून हा आकडा कागदापुरता नाही. हेलिकॉप्टरचा आवाज आला की घरी-परत हे बटण दाबू नये. ते बटण बहुतेक ड्रोनना आधी वर चढवतं, म्हणजे जिथे जायला नको तिथेच नेतं. रिमोटची काठी खाली ओढून उतरवावं.

बरेच जण 'अ‍ॅपने उडू दिलं म्हणजे परवानगी आहे' असं धरतात. काही वर्षांपूर्वी त्यात थोडं तथ्य होतं, कारण सर्वाधिक ड्रोन विकणाऱ्या डीजेआय कंपनीचे ड्रोन विमानतळाजवळ मोटरच सुरू करत नसत. युरोपात २०२४ पासून आणि अमेरिकेत जानेवारी २०२५ पासून तिने ही कडी काढली. आता पडद्यावर सूचना येते, आणि 'समजलं' दाबलं की पंखे फिरतात.

पुण्याकडे येऊ. दोस्त म्हणतो नॅनोला काहीच लागत नाही, हे पाऊण बरोबर. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत स्मॉल, असे वर्ग आहेत. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलचं सरकारी प्रमाणपत्र) नको, रिमोट पायलट सर्टिफिकेट नको, थर्ड पार्टी विमा नको. पण नोंदणीचं आणि हवाई क्षेत्राचं कलम वेगळं आहे, आणि नॅनोच्या सवलतींत ती दोन येत नाहीत. 'नॅनोला नोंदणी नाही' ही समजूत २०१८ च्या जुन्या नियमावलीतून आली आहे. त्यात ५० फुटांखाली उडणाऱ्या नॅनोला युनिक आयडेंटिफिकेशन नंबरमधून सूट होती. नियम बदलले, वाक्य तसंच राहिलं. हवाई क्षेत्राचं म्हणाल तर हिरव्या पट्ट्यात ४०० फूट, विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरांत २०० फूट, ५ ते ८ किलोमीटरांत पिवळा पट्टा म्हणजे आधी परवानगी. लोहगावचा तळ हवाई दलाचा, खडकवासल्याला एनडीए. पुण्यात नकाशा न पाहता ड्रोन वर नेणं हे धाडसच. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर वेगळी परवानगी. मुंबई पोलीस अधूनमधून महिनाभरासाठी ड्रोन आणि पॅराग्लायडरवर बंदीचा आदेश काढतात. तो केंद्राच्या नकाशात शोधून सापडेलच असं नाही, वर्तमानपत्रात सापडतो.

पैशांच्या मुद्द्यावरही देशांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. 'पैसे घेत नाही ना, मग हौस झाली' हे अमेरिकेत खरंच महत्त्वाचं आहे: तिथे हेतूवर कायदा बदलतो. मावसभावाने निव्वळ गंमत म्हणून उडवला तर अडीचशेखाली नोंदणी नाही. त्याच चित्रफितीने मित्राच्या घर-विक्रीची जाहिरात केली की भाग १०७ हे हौशीपलीकडच्या उड्डाणांचे नियम लागू, त्यात वजन न पाहता नोंदणी आणि पायलटची वेगळी परीक्षा. युरोप आणि ब्रिटन हेतू विचारत नाहीत, धोका विचारतात. पैसे घेतले तरी उपवर्ग तोच, फक्त विम्याचा प्रश्न उभा राहतो.

टोकियो या सहलीत नाही, पण दिवाळीत जायचं चाललंय, म्हणून मित्राचं म्हणणं थोडक्यात. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी सक्तीची. 'जेयू'ने सुरू होणारा क्रमांक निदान ३ मिलीमीटर उंच अक्षरांत. त्यासोबत रिमोट आयडी. दाट वस्तीवर परवानगीशिवाय उड्डाण नाही, आणि टोकियोचे २३ वॉर्ड जवळजवळ सगळे दाट वस्तीच. उंची मात्र १५० मीटर, बाकीच्यांपेक्षा जास्त. याखेरीज रेडिओचा कायदा आहे. बाहेरचे ड्रोन ५.८ गिगाहर्ट्झवरही बोलतात; जपानमध्ये त्या पट्ट्यात महामार्गावरची टोलवसुली चालते, आणि तिथलं तांत्रिक प्रमाणन-चिन्ह नसलेला ट्रान्समीटर चालू करणं हाच गुन्हा. पुण्यात घेतलेल्या या ड्रोनवर ते चिन्ह नाही.

ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून उडवणाऱ्यांची हीच रेडिओची डोकेदुखी आणखी मोठी. ५.८ वर युरोपात आणि ब्रिटनमध्ये २५ मिलीवॉट. अमेरिकेत हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असेल तर कितीतरी जास्त. अमेरिकेतून मागवलेला व्हिडिओ ट्रान्समीटर ६०० मिलीवॉटवर ठेवून आल्प्समध्ये चालू केला तर वजनाचा प्रश्न यायच्या आधीच नियम मोडलेला असतो. शेजारी थेट डोळ्यांनी ड्रोन पाहणारा माणूस उभा हवा, हे तिन्हीकडे सारखं.

कोथरूडच्या घरात कामाचा क्रम असा लागतो. पाच आठवडे आधी काट्यावर वजन, फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय. चार आठवडे आधी बाप-लेकाचे ब्रिटिश फ्लायर आयडी, बाबांचा ऑपरेटर आयडी. तीन आठवडे आधी स्विस नोंदणी, कारण पासपोर्टची प्रत पाहून मंजुरी यायला दिवस लागू शकतात. मग दोन पट्ट्या: ब्रिटिश क्रमांक बॅटरीच्या खणात, स्विस क्रमांकाची पहिली सोळा अक्षरं पोटावर. पुन्हा वजन. बॅटऱ्या प्रत्येकी १७ वॉट-तासांच्या, शंभरच्या मर्यादेत, पण हातातल्या सामानातच. संपर्क-पट्ट्यांवर चिकटपट्टी, प्रत्येकी वेगळी पिशवी, चार्ज निम्म्याच्या आसपास. ड्रोनचं धड कुठल्या सामानात हे विमान कंपनीगणिक बदलतं, आधी विचारावं.

सगळ्यात दुर्लक्षित कागद मुंबई विमानतळावर निघताना लागतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. सरकारी संस्था, संशोधन, संरक्षण यांना अपवाद, हौशी माणसाला नाही. परत येताना ग्रीन चॅनलपाशी कस्टम्सने बॅग उघडली तर हा ड्रोन आत्ताच बाहेरून आणला की इथूनच नेला होता, हे यंत्राकडे पाहून कळत नाही. म्हणून जातानाच कस्टम्सच्या काउंटरवर ड्रोन आणि २०२१ चं बिल दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, त्यावर ड्रोनचा आणि रिमोटचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा. त्यासाठी चेक-इनच्या रांगेत लागण्याआधी, ड्रोन हाताशी असतानाच जावं लागतं. बॅग पट्ट्यावरून गेली की अधिकाऱ्याला दाखवायला काही उरत नाही. लंडनहून मेहुण्यांनी भाच्याला नवा ड्रोन भेट दिला तर त्याला हा कागद लागू नाही. तो लंडनलाच ठेवून यायचा.